कुंकवाखालचा नंबर

भूकंपात आमच्या घराच्या मधल्या भिंतीला एक तडा गेला. वडिलांनी त्या तड्यावर वहीच्या कागदाची पट्टी आडवी चिकटवली आणि तिच्यावर पेनानं तारीख टाकली. पट्टी फाटली तर तडा वाढतोय असं समजायचं, हे त्यांना पाहणीला आलेल्या कुणा इंजिनियरानं सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे भिंतीत खिळा ठोकायला बंदी. कॅलेंडर खुर्चीच्या पाठीला लटकायचं. आई एकदा म्हणाली, निदान गिलावा तरी करून घेऊ, तर वडील तिच्यावर खेकसले, "उभं हाय ना? मग हात लावू नका." शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या त्या घरात दहा वर्षांची असल्यापासून मी हे वाक्य ऐकत आले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते पटायचं. पहाटे झोपेतून ओढून अंगणात आणलेल्या पोरीला दुसरं काय पटणार!

पुढे नांदेडला संगणकाचा डिप्लोमा केला आणि लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये नोकरी धरली. भूकंपाला वीसेक वर्षं होऊन गेली होती. लातूर आता डॉक्टर घडवायच्या मागे लागलं होतं. डाळीच्या गोदामांच्या जागी हॉस्टेलं उभी राहत होती, ऑटोच्या पाठीवर हसणाऱ्या पोरांचे फोटो आणि त्यांचे मार्क. चार-चार मजले चढताना त्या आईबापांना काही वाटत नसे. मी मात्र मुलाखतीतच सांगितलं, की मला बसायला तळमजल्यावर जागा द्या. सर, म्हणजे क्लासचे मालक, हसले. पण जागा दिली, दाराजवळची.

माझ्याकडे संगणक, प्रिंटर आणि नऊ राऊटर होते. राऊटर म्हणजे एका बाजूनं इंटरनेटची तार घेऊन दुसऱ्या बाजूनं हवेत सोडणारी डबी, एवढं समजलं तरी पुरे. नऊही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, क्लास सुरू झाला तेव्हाचे. दर खंडेनवमीला मी ते भिंतीवरून उतरवून पुसायची आणि पूजेला मांडायची. समोर दिवे असतात, त्यांच्यावर कुंकू नको, म्हणून उलटे करून पाठीवर ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढायची. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसायची. बाकी वर्षभर त्यांना बोट लावत नव्हते. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं त्यांच्यासाठी नवं फर्मवेअर काढलं होतं. फर्मवेअर म्हणजे राऊटरच्या पोटातली आज्ञावली, तिच्यावरच तो चालतो. जुन्यात एक भगदाड आहे, त्यातून बाहेरचं कुणीही आत शिरू शकतं, तेव्हा नवं भरून घ्या, अशी सूचना होती. मी ते पान उघडलं, वाचलं आणि बंद केलं. भरताना मध्येच लाइट गेली तर राऊटर कायमचा मरतो, हेही तिथेच लिहिलेलं होतं. चालतंय ना, मग कशाला!

त्या वर्षी क्लासच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये उमरीकडची एक मुलगी होती. वडील तिथल्या एका कचेरीत कारकून. मुलगी शांत, अक्षर टपोरं, अभ्यासिकेत कोपऱ्यातलं टेबल तिचं ठरलेलं. एका बुधवारी ती हॉस्टेलच्या टॅबवर सराव परीक्षेची साइट उघडत होती आणि उघडलं भलतंच. नागडी चित्रं. नेमक्या रेक्टरबाई तिच्या मागे उभ्या. पोरगी घाबरून टॅब बंद करायला गेली, तर रेक्टरबाईंना वाटलं लपवतेय. त्यांनी तिच्या हातून टॅब ओढला आणि सगळ्या मुलींसमोर बोलायचं ते बोलल्या. गुरुवारी सरांनी वडिलांना फोन केला, सोमवारी या आणि मुलीला घेऊन जा. दोनशे मुलींच्या आईबापांनी विश्वासानं पोरी ठेवल्यात, एकीपायी नाव जायला नको, असं सरांचं म्हणणं.

शुक्रवारी सकाळी मुली वर्गात गेल्यावर मी तिच्या टेबलाशी जाऊन बसले. का, ते सांगता येत नाही. आपण असलं काही उघडलं नाही, हे तिचं रडून सांगणं मला पटलं नव्हतं असं नाही, पटलं होतं म्हणूनच बसले असेन. माझा स्वतःचा फोन काढला आणि सरावाची साइट उघडली. नीट उघडली. पुन्हा उघडली. नीट. चौथ्या वेळी तीच चित्रं माझ्या फोनवर.

आणि इथे मला स्वतःविषयी जे सांगायचंय ते सांगून टाकते. पहिला विचार त्या मुलीचा आला नाही. पहिला विचार आला, आता मला विचारतील.

राऊटरच्या आत शिरून पाहिलं. एखाद्या साइटचा पत्ता शोधायला तो ज्या यंत्राला विचारतो, त्याचा क्रमांकच कुणीतरी बाहेरून बदलून ठेवला होता. त्या जागी बसलेला भामटा अधूनमधून मुद्दाम चुकीच्या दारात नेऊन सोडत होता. मी क्रमांक सरळ केला, पासवर्ड बदलला. दुपारी पाहते तर पुन्हा जैसे थे. नऊच्या नऊ तसेच. भगदाड फर्मवेअरमध्ये होतं आणि ते बुजवायची फाइल तीन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यासमोर होती. आता कंपनीच्या साइटवर गेले तर त्या मॉडेलचं पानच नाही. हे मॉडेल बंद झालं आहे, एवढी एक ओळ.

संध्याकाळपर्यंत शोधत होते. परदेशी लोकांच्या गप्पांच्या साइटी, कुठली लिपी तेही कळेना अशी पानं. फाइली मिळाल्या तीन-चार, नाव सारखं आणि आकार वेगवेगळा. खरी कोणती? एका भामट्याला हाकलायला दुसऱ्याला घरात घ्यायचं का? एकेक फाइल उतरवायची, भीती वाटायची, पुसून टाकायची. जिन्याशी पावलं वाजली की मी पडद्यावरचं पान बंद करत होते, जणू मीच काही घाणेरडं पाहतेय. परवा त्या पोरीनं नेमकं हेच केलं होतं.

सरांना लगेच का नाही सांगितलं? मी मनाशी म्हटलं, आधी दुरुस्त करू, मग सांगू. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! खरी गोष्ट अशी, की दुरुस्त झाल्यावर सांगायची गरजच उरणार नाही, अशी आशा होती.

शेवटी नांदेडचे चाचा आठवले. डिप्लोमा करताना मी त्यांच्या दुकानात प्रात्यक्षिकं केली होती. निजामाच्या काळापासून त्यांचं घराणं त्याच गल्लीत. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, वडील रेडिओ, हे संगणक. विकलेल्या प्रत्येक यंत्राची फाइल सीडीवर उतरवून ठेवायची त्यांची सवय. आम्ही पोरी हसायचो. फोन केला तर म्हणाले, "हाय माझ्याकडं. एक राऊटर घेऊन ये, बघून देतो."

शनिवारी सकाळी मधल्या बोळातला राऊटर काढून कापडी पिशवीत घातला. त्याची अँटेना दुमडत नव्हती, त्यामुळे पिशवीची चेन अर्धीच लागली. फाटकाशी ती मुलगी उभी होती. तीन दिवसांत तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. मेसमध्ये तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असायच्या.

"मॅडम, गावाकडं निघालात का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि बस सुटेल म्हणून घाई केल्यासारखं दाखवलं. बसला अजून तास होता.

अहमदपूर, लोहा करत नांदेड येईपर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. चाचांनी दोन सीड्या काढूनच ठेवल्या होत्या.

"ह्या मॉडेलच्या दोन जाती हायेत," ते म्हणाले. "दोन नंबर अन् तीन नंबर. भायेरून सेम टू सेम, आतून अलग. याची त्याला घातली का खलास. मग दाराला अडवायला ठेव. नंबर पाठीवर लिहिलेला ऱ्हातो, बघ."

मी राऊटर उलटा केला. पाठीवर तांबूस-पिवळा डाग. खाली कागद होता, पण त्याच्यावरची अक्षरं कधीच धुऊन निघाली होती. इतक्या वर्षांची हळदकुंकवाची बोटं आणि ओलं फडकं. तीही माझीच बोटं.

चाचा आधी खो खो हसले. "बेटी, हा राऊटर हाय का देव?" मग माझा चेहरा पाहून थांबले. "का गं, रडाया काय झालं?"

मी सगळं सांगितलं. मुलीचं, सोमवारचं, तीन वर्षांपूर्वीच्या पानाचं. चाचांना सांगताना भीती वाटली नाही, कारण त्यांच्या हातात माझी नोकरी नव्हती. त्यांनी मान हलवली आणि पेचकस माझ्यापुढे सरकवला. "खोल. आतल्या हिरव्या पाटीवर बी नंबर ऱ्हातो. तिथवर तुझं कुंकू पोचलं न्हाई."

"तुम्ही खोला ना, चाचा."

"मी कायला? बाकीचे आठ कोण खोलणार, मी येऊ लातूरला?"

स्क्रू रबरी पायांखाली लपलेले होते. ते निघाले, पण झाकण निघेना. कड दाबली तर कट्ट आवाज झाला आणि मी हात मागे घेतला. "मोडलं न्हाई," चाचा शांतपणे म्हणाले, "ते असंच बोलतंय." आतल्या पाटीच्या कोपऱ्यात बारीक पांढऱ्या अक्षरांत दोन नंबर लिहिलेला होता. मग त्यांच्या संगणकाला तार जोडली, फाइल निवडली आणि बटण मीच दाबलं. पडद्यावरची पट्टी सरकायला लागली. राऊटरचे सगळे दिवे विझले. मी चाचांकडे पाहिलं. ते चहा ओतत होते. मग एक दिवा लागला, दुसरा लागला, आणि राऊटर नीट सुरू झाला.

रविवारी दुपारी सगळ्या मुली परीक्षेला गेल्या. हॉस्टेलमध्ये मी आणि खाली वॉचमनबाई. चाचांनी दिलेल्या दोन्ही सीड्या जवळ ठेवून मी एकेक राऊटर उतरवून खोलत गेले. चार राऊटर दोन नंबरचे निघाले, बाकीचे तिघे तीन नंबरचे. अंदाजानं सगळ्यांना एकच फाइल घातली असती तर तिघांचा जीव मी घेतला असता. प्रत्येक वेळी पट्टी सरकताना वाटायचं, आता लाइट जाणार. क्लासचा बॅटरीचा डबा कधीचा बंद पडलेला.

अभ्यासिकेतला राऊटर शेवटी घेतला. पट्टी निम्म्यावर आली असेल, आणि टेबलावरचा स्टीलचा पेला खणखणायला लागला. पाण्यावर रेघा उठल्या. पायांखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं. माझ्या पायांना वीस वर्षांची सवय, ते माझ्या आधी उठून दाराकडे निघाले. खालून वॉचमनबाई ओरडली, "मॅडम, भायेर या! हालून राहिलंय!" मी दारापर्यंत गेले. मागे वळून पाहिलं तर तार टेबलाच्या कडेवर ताणली गेली होती आणि राऊटर कडेकडे सरकत होता. पडला असता तर तार निघाली असती. मी परत आले. दोन्ही हातांनी राऊटर टेबलावर दाबून धरला आणि तिथेच उभी राहिले. एवढी भीती मला भूकंपाच्या पहाटेही वाटली नव्हती, तेव्हा निदान कुणीतरी हात धरून ओढलं होतं. पेला थांबला. पट्टी शेवटपर्यंत गेली. खाली लोक भांडत होते, कुणी म्हणे धक्का, कुणी म्हणे मागच्या मिलचा भरलेला ट्रक.

साइट वीस वेळा उघडून पाहिली. वीसही वेळा स्वच्छ. मी खुर्चीत बसले, आणि तेव्हा लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय. त्या मुलीची एकच साक्ष होती, ती मी माझ्या हातानं पुसली. उद्या सर म्हणतील, बघा, काही नाही राऊटरला, पोरगीच तसली. हे मला त्याच क्षणी सुचलं असंही म्हणवत नाही. दुपारपासून मनाच्या तळाशी ते होतंच, मी बघत नव्हते.

एकच राऊटर राहिला होता, सरांच्या केबिनमधला. तो मी शहाणपणानं ठेवला नव्हता. रविवारी केबिनला कुलूप असतं, एवढंच.

सोमवारी दहा वाजता मुलीचे वडील सरांच्या केबिनमध्ये आले. हातात टोपी, पायांत धुळीच्या चपला, मुलीची वळकटी दाराबाहेर बांधून ठेवलेली. मुलगी जमिनीकडे पाहत उभी. सर बोलत होते, रेक्टरबाई शेजारी बसलेल्या. वडील मध्येच म्हणाले, "सर, माझी लेक असली न्हाई हो. तुमी एकडाव नीट बघा." एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. सर म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही.

मी न बोलावता आत गेले. "सर, तुमच्या फोनवर सरावाची साइट उघडता का? आत्ता, इथंच."

"आत्ता? हे काय मध्येच?"

"उघडा, सर."

त्यांनी उघडली. नीट उघडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा नीट. रेक्टरबाई हसल्या. वडिलांनी टोपी डोक्यावर घातली, निघायच्या तयारीनं. मी म्हटलं, सर, आणखी एकदाच. आणि सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी फोन टेबलावर उपडा टाकला, रेक्टरबाईंची नजर चुकवली, आणि दार बंद करा असं ओरडले. बंद करायला उठलं कुणीच नाही.

मग मी सांगितलं. राऊटरमधलं भगदाड, बदललेला क्रमांक, बंद झालेलं मॉडेल. तीन वर्षांपूर्वी फाइल भरायला हवी होती, मी भरली नाही, हेही सांगितलं. वडील मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. सरांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"काल," मी म्हटलं. "काल दुपारी कळलं, सर."

एवढं सगळं कबूल केल्यावर त्या दोन दिवसांसाठी मी खोटं बोलले. मुलीनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खाली घातली.

ती राहिली. माझीही नोकरी राहिली, त्या नऊ डब्यांना हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून. नंतर कळलं, तीच चित्रं आणखी चार मुलींना दिसली होती, पण भीतीनं एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. खंडेनवमीला मी राऊटर खोलून आतला नंबर कागदाच्या पट्टीवर लिहिला आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिकटवला. कुंकवाचं एकच बोट, तेही कडेला.

परीक्षा संपल्यावर ती मुलगी निरोप घ्यायला माझ्या टेबलाशी आली. वर्षभरात आम्ही कामापुरतंच बोललो होतो. वडील बाहेर ऑटोत सामान भरत होते. मी ठरवलं होतं ते एकदाचं बोलले. "तुला एक सांगायचंय. ते मला रविवारी कळलं नव्हतं."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "शनिवारी तुमच्या पिशवीतून त्याची अँटेना भायेर आली होती. दोन दिवस मी वाट बघितली, तुमी कुणाला तरी सांगताल म्हणून."

"मग केबिनमध्ये बोलली का नाहीस?"

"तुमाला बी भ्या वाटलं असंल," ती म्हणाली, आणि वाकून नमस्कार करून ऑटोकडे गेली.